उपाशी बाटली

ऊन पाण्याच्या भांड्यात सहा बाटल्या उभ्या होत्या आणि सहाहींच्या पोटात सकाळपासून तोच चॉकलेटी चिखल. तळाशी पाण्याची रेघसुद्धा नाही. चार वाजता तपासनीस येणार होता. तेलात पाणी फार म्हणून त्यानं आम्हाला दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा नापास झालो की तेलविहिरींच्या तोंडात सिमेंट आणि आमच्या तेल गोळा करायच्या केंद्राला कुलूप.

जमिनीतून तेल येतं ते एकटं येत नाही, पाण्याला कडेवर घेऊन येतं. पाण्याचे कण मोहरीहून बारीक, आणि प्रत्येकाभोवती तेलाची साय. साय आहे तोवर थेंबाला थेंब भेटत नाही. आमचं औषध ती साय फोडतं. मग थेंब थेंबाला मिळतो, जड होतो आणि आपल्या वजनानं खाली बसतो. औषधाचं माप बाटल्यांत ठरवायचं काम पंधरा वर्षं ह्यांनी केलं, मी शेजारी बाटल्या धुतल्या. चार महिन्यांपूर्वी ह्यांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि ह्यांच्या खुर्चीवर मी बसले. ह्यांच्याकडे दोनच शब्द उरले. रोज मी दारात पाऊल ठेवलं की विचारतात, "पाणी पडलं?"

नणंद माझी टाक्यांवर कामाला. हातमोजे काढत आत आली.

"वहिनी, उतरलं का गं?"

"रुसून बसलंय. पाया पडायचं तेवढं राहिलं."

"मग औषध वाढव ना थोडं."

"दुप्पट केलंय, वन्सं. आता काय पिंपात बुडवू?"

ती ओठ चावत उभी राहिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

हात टेकले तेव्हा ह्यांची वही उघडली. पहिल्याच पानावर लिहिलेलं: पहिली बाटली उपाशी ठेवावी. म्हणजे एका बाटलीत औषधाचा थेंबही घालायचा नाही. ही पद्धत मी पहिल्याच आठवड्यात सोडली होती. जिच्यात काही घातलंच नाही, तिच्यात बघायचं काय? आता दुसरं काही सुचेना. विहिरींचं तेल आधी येतं त्या छोट्या टाकीतून ताजा नमुना आणला, सहा बाटल्यांत औषध घातलं आणि सातवी उपाशी ठेवली.

तासाभरानं बघते तर सहाही जशाच्या तशा, आणि उपाशी बाटलीच्या तळाशी दोन बोटं नितळ पाणी.

औषधावाचून आमच्या तेलाची साय फुटत नाही. म्हणजे माझ्या आधीच कुणीतरी औषध घातलं होतं.

"वन्सं, छोट्या टाकीत काय ओतता तुम्ही?"

ती माझ्याकडे बघेना. "रोज एक कॅन औषध. पहिल्यांदा नापास झालो ना, त्या दिवसापासून."

"मला सांगायचं नाही?"

"तू ओतू दिलं असतंस? म्हटलं, पाणी पडलं तर वहिनीचं नाव होईल. दादाला बरं वाटेल."

औषध बेतानं घातलं तर साय फोडतं. फार झालं तर तेच प्रत्येक थेंबाभोवती नवी साय धरून बसतं. एकाच लेकराला आम्ही दोघी एकमेकींच्या नकळत भरवत होतो.

मोठ्या टाकीकडे जाणाऱ्या नळावरचा माझा औषधाचा पंप मी बंद केला. तिचा कॅन चालू ठेवला, माप तिचंच बरोबर होतं. नवं तेल मिसळत गेलं की मोठ्या टाकीतलं जादा औषध पातळ होणार होतं. टाकीखालची आच वाढवली. आता फक्त थांबायचं. घड्याळात बारा वाजले होते आणि एवढ्या टाकीला दहा तास लागतात. नणंद टाकीच्या पत्र्याला कान लावून बसली, हलकेच गुणगुणत:

थेंबा रे माझ्या थेंबा, सोड सायीची ओढणी
उतर बाळा खाली, तुझी वाट बघे पाणी

चारला तपासनीस आला. टाकीच्या वरचा नमुना चोख. मधला चोख. खालचा यंत्रात फिरवला आणि त्यानं नकाराची मान हलवली.

"साहेब, आणखी सहा तास द्या. पाणी पडायला लागलंय. ही बाटली बघा."

त्यानं ती उजेडाकडे धरून नीट बघितली. माणूस वाईट नव्हता. "बाई, मला बाटली नाही, टाकी तपासायला पाठवलंय," म्हणाला आणि नापासाच्या कागदावर सही केली. नणंदेनं त्याच्या जीपची वाट अडवली. तो खाली मान घालून तिला वळसा घालून गेला.

घरी दारात पाऊल ठेवलं.

"पाणी पडलं?"

"पडलं," मी म्हटलं. "उशिरा पडलं. केंद्र बंद झालं."

"दादा, माझ्यामुळं..." नणंद उंबऱ्यातच थांबली.

"दोघींनी घातलं," मी तिला पुढं बोलू दिलं नाही. "दोघींनी, एकमेकींना न विचारता."

ह्यांच्या डाव्या हातात मी बाटली दिली. ह्यांनी ती बराच वेळ बघितली. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले.

"उपाशी?"

चार महिन्यांत पहिला नवा शब्द.

"हो. उपाशी ठेवली होती."

अर्ध्या तोंडानं हे हसले, डोळे मात्र दोन्ही भरले. मग ह्यांनी बूच लावलेली बाटली उलटी केली. पाणी क्षणभर तेलात हरवलं. आम्ही तिघं ते पुन्हा खाली येण्याची वाट बघत बसलो.