दिव्यात एकटा गेलेला भाऊ

माझ्या भावाला एकट्यालाच का नेले? वर्गातल्या प्रत्येक तारेला मी हे विचारले. 

मी एक रेझिस्टर बोलतोय. तांदळाच्या दाण्याएवढा, अंगावर तपकिरी, काळा, तपकिरी असे पट्टे. त्यांचा अर्थ शंभर ओहम. वीज आली की मी तिला अडवतो आणि अडवताना तापतो. थोरला भाऊही तसाच. किरिबाटीतल्या या बेटावर, शाळेच्या डब्यात, आम्ही बरोबरच आलो.

मी फार शिकलो नाही. वर्गात राहून दोनच गोष्टी डोक्यात उरल्या. तारेमाबाई आम्हाला एकामागे एक जोडत, तेव्हा मीटर दोनशे दाखवी. शेजारी शेजारी जोडत, तेव्हा पन्नास, कारण विजेला दोन वाटा मिळत. मला एकामागे एक आवडे. भाऊ पुढे असे.

एकदा बाउरो कोळी दारात आला.

"बाई, बुबुती आहे. होडीच्या दिव्याला तुमच्यातला एक रेझिस्टर हवा."

बुबुती म्हणून मागितले की आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. बाईंनी डबा उघडला. "दोन्ही ने. एकामागे एक लाव."

"दोन्ही? बायको म्हणेल, शाळाच उचलून आणलीस. पोरांना एक राहू दे."

"अरे, एकटा जळेल तो."

"भार उचलायलाच जन्मलाय, माझ्यासारखा."

त्याने व्हरांड्यातच भावाला दिव्यात जोडले. दिवा लख्ख पेटला. अडवायला भाऊ एकटाच, त्यामुळे वीज मोकाट धावत होती. बाउरो खूश झाला. मी डब्यातून हाका मारत राहिलो.

भाऊ परत आला तो बाउरोच्या मुठीतून. काळा ठिक्कर, पट्टे गेलेले. बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या फटीतून होडी आत घेताना दिवा विझला होता. होडी आपटली, बाउरोचा पाय फाटला.

"तुम्ही सांगितलं होतं, बाई," एवढेच तो बोलला.

बाईंनी वर्गात मला जळलेल्या भावाच्या मागे जोडले. वर्गातला छोटा दिवा लागला नाही.

"बाई, बॅटरी झोपली," एक पोरगी म्हणाली. सगळी हसली.

मग शेजारी शेजारी जोडले. मीटरने शंभर दाखवले. ते माझे एकट्याचे होते. मलाही जळून जायचे होते, पण मीटरची वीज इतकी थोडी की नीट ऊबही आली नाही.

पुढे राजधानी तारावाहून जहाजाने नवा रेझिस्टर आला. तेच पट्टे. मी त्याच्याशी बोललो नाही. बाउरोच्या पायाची जखम भरली, होडीही दुरुस्त झाली. घरात मासे नव्हते, तरी दुसऱ्यांदा मागायला तो येईना. शेवटी बाईच आम्हा दोघांना घेऊन त्याच्याकडे गेल्या.

"बाउरो, आता बुबुती माझी. हे दोघं ने."

"आणि पोरं?"

"बुबुतीला नाही म्हणतोस?"

त्याने मान खाली घालून हात पुढे केला.

आता मी होडीच्या दिव्यात आहे. भावाच्या जागी, माझ्या पुढे, नवा आहे. उजेड भावाच्या वेळेपेक्षा मंद आहे. तुम्हाला एकच विनवणी. आमच्यातल्या कुणाला न्याल तेव्हा सोबत कोण जाणार तेही बघा.

काल प्रवाळाच्या फटीशी लाटा उसळल्या. जळून भावाकडे जावे असे पुन्हा वाटले. पण मी तुटलो असतो तर नव्यातूनही वीज गेली नसती, आणि बाउरो फटीत डोळे फाडून बघत होता.

मी माझा अर्धा भार उचलला. होडी वाळूला लागेपर्यंत धरून ठेवला.