बारा सेंटिमीटरचा पंखा

राडेचा फोन आला तेव्हा मी मिरच्या भाजत होते, आणि त्यातल्या अर्ध्या करपल्या त्या त्याच्यामुळेच. राडे आमच्या लेस्कोव्हात्स गावातल्या अंध मंडळींच्या क्लबात ध्वनिमुद्रणं तपासतो. मी अकरा वर्षं त्या क्लबासाठी घरी बसून पुस्तकं वाचते आणि कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रित करून पाठवते. तो आधी उन्हाळ्याबद्दल बोलला, मग माझ्या तब्येतीबद्दल, तेव्हाच मी ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय. शेवटी म्हणाला की माझ्या आवाजामागे घरघर येते आणि वसंतापासून ती वाढतच चालली आहे. अध्यक्षबाईंनी आता पुढची पुस्तकं यंत्राच्या आवाजात करायचं ठरवलं होतं. शुक्रवारपर्यंत एखादं स्वच्छ प्रकरण आलं, तर बघू.

"यंत्राला घरघर नसते ना, स्पोमेंकाताई," तो म्हणाला.

"यंत्राला घसाही नसतो," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

घरघर खोटी नव्हती. मलाही ती ऐकू यायची. राग आला तो त्या 'बघू'चा. नवरा गेला त्या वर्षीही मी एक प्रकरण चुकवलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वाचनानेच मला तगवलं. आणि आता कॉम्प्युटरचा पंखा खडखडतो म्हणून मला घरी बसवणार होते. मी मनाशी म्हटलं, बसते बरं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारामागच्या द्राश्कोच्या दुकानात गेले. द्राश्को पोरगा वाईट नाही, पण त्याला वाटतं की पन्नाशीपुढच्या बायकांना फक्त फोनवर नातवंडांचे फोटो बघायचे असतात. त्याने लाल-निळे दिवे लागणारे तीन पंखे काढले. मी म्हटलं, मला जत्रा नको, शांतता हवी. मग त्याने खोक्यावरचे आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली, हा इतक्या डेसिबलचा, तो तितक्या.

मी त्याला रेडिओ बंद करायला सांगितला. मग एसी बंद करायला सांगितला. बाहेर सदतीस अंश होतं, तो कुरकुरला, पण केला. मग एकेक पंखा तारेला जोडायला लावून कानाशी धरला, आम्ही बाजारात कलिंगड कानाशी धरून टकटक करतो तसा.

पहिला शीळ घालत होता. दुसरा शांत होता, पण मधेच त्याला उचकी लागायची. तिसऱ्याचा आवाज कमी होता, पण बारीक, आणि असला बारीक आवाज माइक बरोबर पकडतो. जाडसर मंद आवाज चालतो, तो वाचनाखाली बुडून जातो. हे मी द्राश्कोला समजावत होते, तर तो म्हणाला, "काकू, एवढं बारीक तुमच्या वयात ऐकूच येत नाही."

"तुझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट किणकिणते आहे," मी म्हटलं. "महिन्याभरात जाईल ती."

त्याने वर पाहिलं. मग स्टुलावर चढला, कान लावला आणि खाली उतरून मागच्या खोलीत गेला. आतून त्याने एक मळकट तपकिरी पंखा आणला, बारा सेंटिमीटरचा, कोपऱ्यांना रबराच्या गाद्या असलेला. कुणी घेत नाही म्हणाला, दिसायला असा. मी तो कानाशी धरला आणि विचारलं, चालू केलास का? तो म्हणाला, केव्हाचा.

घरी येऊन स्क्रूड्रायव्हर घेतला, कॉम्प्युटरच्या पेटीचं बाजूचं झाकण काढलं आणि पंखा आतून स्वतःच बसवला. सासूबाई बघत होत्या. त्यांचं नाव वुकोसावा, वय चौऱ्याऐंशी, आणि माझा नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. त्यांची खुर्ची माझ्या टेबलाच्या मागच्या बाजूला असते. मी वाचते, त्या विणतात आणि ऐकतात. वाचन चालू असताना अकरा वर्षांत त्यांनी एक शब्द काढलेला नाही, एरवी मात्र सगळी कसर भरून काढतात.

वाचायला बसले. पहिली दहा मिनिटं अशी निवांत गेली की मला माझाच आवाज नवा वाटला. विसाव्या मिनिटाला घरघर सुरू झाली. अर्ध्या तासाने तो तपकिरी पंखा विमान उडावं तसा ओरडायला लागला.

मी पंखा उपसला आणि तसाच हातात धरून दुकानात गेले. वाटेत भांडणाची चांगली तयारी केली होती. द्राश्कोने तो तारेला जोडला, तासभर चालवला, पंख्याने हूं की चूं केलं नाही. तो म्हणाला, "काकू, पेटी तापली की पंखा जोरात फिरतो. मागची जाळी मोकळी आहे ना? भिंतीला टेकलेली नाही ना?"

"टेबलाच्या मधोमध ठेवलीय," मी ठसक्यात म्हटलं.

घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या मागच्या बाजूला वाकून बघितलं. पेटीच्या पाठीवर, जाळी पुरती झाकून, चौघडी केलेली लोकरी शाल होती. चारी कोपरे पिनांनी जाळीत अडकवलेले.

"आई, हे काय आहे?"

"प्रोमाया," सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडे घरात आरपार वाहणाऱ्या वाऱ्याला प्रोमाया म्हणतात आणि चोरापेक्षा त्याला जास्त भितात. सदतीस अंशांतही समोरासमोरच्या खिडक्या एकदम उघडत नाहीत. दातदुखी, कंबरदुखी, तोंड वाकडं होणं, सगळं त्याच्या खात्यावर. मी आयुष्यभर त्याची टर उडवत आले.

"तो डबा वसंतात माझ्या गुडघ्यांवर फुंकायला लागला, म्हणून लावली," त्या म्हणाल्या. "तुला सांगितलं असतं तर हसली असतीस."

"खुर्ची हलवायची होती."

"खुर्ची इथेच राहील. इथून तू नीट ऐकू येतेस."

शाल काढली तर त्या उठून जाणार नाहीत, गुडघे धरून बसतील, हे मला ठाऊक होतं. ठेवली तर माझं काम जाणार. मी पंखा हातात घेऊन जमिनीवर बसले. मग शाल काढली आणि पंखा उलटा केला. वारा बाहेर फेकण्याऐवजी आत ओढेल असा बसवला. आता गरम हवा पुढून निघणार होती, माझ्या पायांवर.

सासूबाईंनी जाळीसमोर तळहात धरून खात्री करून घेतली. मग टेबलाला वळसा घालून आल्या आणि ती शाल माझ्या गुडघ्यांवर घातली. जुलैमध्ये, बंद खोलीत, लोकरीची. मी हसले नाही, काढलीही नाही. घामाघूम होऊन अख्खं प्रकरण वाचलं.

शुक्रवारी राडेचा फोन आला. घरघर साफ गेली होती. पण आता मागे काहीतरी बारीक टकटक ऐकू येत होती.

"माझ्या सासूबाईंच्या सुया आहेत त्या," मी म्हटलं. "विणतात. आजवर पंख्याच्या आवाजाखाली बुडून जायच्या."

तो म्हणाला, अध्यक्षबाई म्हणतात की सुया नकोत, पुन्हा वाचा. मी म्हटलं, पुन्हा वाचणार नाही. सुयाही थांबणार नाहीत. हे प्रकरण आणि तुमच्या यंत्राचं, दोन्ही सभासदांना ऐकवा आणि त्यांना ठरवू द्या. बोलून गेले आणि मग लक्षात आलं की ते वाचन गेलं असतं तर माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

सोमवारी फोन वाजला. या वेळी राडे नव्हता. चेदोमीर म्हणून एक म्हातारा सभासद होता, मी त्याला कधी पाहिलेलं नाही. त्याने नमस्कार केला, दोन्ही ऐकल्याचं सांगितलं आणि म्हणाला की यंत्राचं सगळ्यांनी दुसऱ्या पानावर बंद करायला लावलं. क्लबाने एकच गोष्ट विचारायला सांगितली होती.

"त्या बाई काय विणतायत?"

मी फोनवर हात ठेवून सासूबाईंना विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"स्वेटर," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना, एक बाही झाली. तू वाच पुढे."