पूजेतला रेडिओ

खंडेनवमीची पूजा विश्रामराव इतकी मन लावून करत, की घरात वापरायला म्हणून काही उरत नसे. सकाळची भक्तिगीतं ऐकून झाली आणि त्यांनी शिलाई मशीन, सायकल, विळी, अडकित्ता यांच्या रांगेत रेडिओही मांडला. गंध, अक्षता, वर झेंडूची माळ. आता उद्या दसरा उजाडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. सरोजने पहाटेच भाजी चिरून ठेवली होती. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं ती शिकली होती.

दहाच्या सुमारास टेंभी नाक्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर महिपत धापा टाकत आला. दवाखान्यात दादरहून सरोजच्या भावाचा फोन आलेला.

"वहिनी, उत्तराताईंची कथा उद्या नाही, आजच आहे. साडेबाराला, बायकांच्या कार्यक्रमात. आजच्या बाईंचा घसा बसलाय म्हणे."

उत्तरा, त्यांची एकुलती एक लेक, मामाकडे राहून शिकत होती आणि रेडिओवर पहिल्यांदाच कथा सांगणार होती. ती बोलणार, ते हवेत जाणार आणि संपणार. पुन्हा कुठून ऐकायला मिळणार?

"अहो, माळ काढा."

"पूजेतली वस्तू हलवायची नाही."

"हलवू नका. नुसता लावा."

"अगं, लावणं म्हणजे वापरणंच की! शास्त्र म्हणून काही आहे की नाही?"

"आणि लेक म्हणून?"

विश्रामरावांनी पेपर तोंडासमोर धरला. बारापर्यंत हीच हुज्जत. सरोजच्या अंगाची लाही लाही झाली. शेवटी नैवेद्याचं ताट झाकून तिने पायांत चपला सरकवल्या.

आळीत आणखी दोन रेडिओ होते. एकावर कुंकू, दुसऱ्यापुढे पेढा. "आमचे हे काही ऐकायचे नाहीत हो," दोन्हीकडे तेच. उरली तिची ख्रिस्ती मैत्रीण लुर्दस. तिचं घर तळ्यापलीकडे, चर्चच्या मागे. तिच्याकडे ना नवमी, ना दसरा. सरोज उन्हातून जवळजवळ पळतच गेली.

दाराला कुलूप.

"सगळी वसईला गेलीत, बाप्तिस्म्याला," शेजारची ॲनी म्हणाली. "संध्याकाळी येतील. आमच्याकडं कुठला गं बाई रेडिओ?"

सरोज तिथेच पायरीवर बसली. ॲनीने पाणी दिलं. साडेबारा वाजून गेले होते. आता घाई करण्यात अर्थ नव्हता.

ती घरी परतली तर दार लोटलेलं. विश्रामराव पेपर धरून तसेच बसलेले. माळ रेडिओवरच होती, पण तिरकी. सरोजने रेडिओवर तळवा ठेवला. चांगलाच तापला होता.

"ऐकलीत?"

विश्रामरावांनी पेपरचं पान उलटलं.

"मला हाक मारता आली नाही?"

"आळीभर हाका मारत फिरू? लोकांना काय सांगू, पूजेतला रेडिओ लावला म्हणून?"

सरोज त्यांच्यासमोर पाट ओढून बसली. "सांगा."

"काय?"

"तिने सांगितली ती कथा. पहिल्यापासून."

विश्रामरावांनी पेपर खाली ठेवला, घसा खाकरला. "एक म्हातारी असते. तिची शेळी हरवते. मग... सापडते."

"पुढे?"

"संपली."

पंधरा मिनिटांची कथा होती ती.

"आवाज कसा होता तिचा?"

विश्रामराव सांगायला गेले आणि त्यांचे ओठ थरथरायला लागले. उपरण्याचं टोक डोळ्यांना लावून ते हुंदके देऊ लागले.

सरोज कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली. ते रडणं तिच्या हक्काचं होतं. तेही यांनीच घेतलं.