खालचा सूर

"आई, ऊठ. गाडी दारात उभी आहे. माझं डोकं फिरायच्या आत ऊठ."

आई ढिम्म. तळ्याकाठच्या त्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेली, स्वेटरच्या खिशात एक छोटी डबी. भिंतींना बुरशी, हिच्या छातीत घरघर. या ओलीत आणखी एक हिवाळा काढला तर आई वाचणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून मी तिला माझ्या घरी न्यायला आले, तर बाईसाहेब खुर्चीला चिकटलेल्या!

"तो येतोय असं वाजू दे, मग निघते," ती म्हणाली.

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ, बाब्या. मासे पकडायचं भारी वेड. काठावर त्याची गळाची काठी, तिच्याखाली अलार्म. दोरी अलार्मच्या छोट्या चाकावरून जाते. मासा दोरी ओढत लांब पळाला की आवाज चढा येतो. तोच मासा काठाकडे आला की दोरी सैल पडते, चाक उलटं फिरतं आणि आवाज खालच्या सुरात येतो. तोच आवाज आईच्या खिशातल्या बिनतारी डबीतही वाजतो. गेल्या हिवाळ्यात बाब्या दोरी ओढत, गळ तळ्यात आत नेऊन टाकायला होडीतून गेला. दाट धुकं होतं. आई काठावर अलार्म ऐकत होती. चढा, चढा, चढा, आणि मग काहीच नाही. होडी रिकामी सापडली. तो सापडलाच नाही.

तेव्हापासून काठी तिथंच आहे. आई अलार्मचे सेल बदलते आणि खालच्या सुराची वाट बघते. समजूत घालून घालून माझ्या तोंडाला फेस आला.

शेवटी माझी सटकली. "काठी बघून येते," म्हणत मी काठावर उतरले. भर दुपार, तरी धुक्यात पलीकडचं काही दिसत नव्हतं. चाकावरची दोरी बाजूला केली आणि बोटानं चाक उलटं फिरवलं. टूं. टूं. टूं. फसवलं मी तिला, हो! मला माझी आई जिवंत हवी होती.

वर खिडकी धाडकन उघडली. "आला गं, आला!" आई रडत होती, हसतही होती. स्वतःच पिशवी उचलून ती गाडीकडे निघाली. मला भरून आलं. हे आधीच का नाही सुचलं, म्हणून स्वतःचा रागही आला.

मी दोरी गुंडाळायला घेतली. जराही ताण नव्हता. सगळी दोरी रिळावर आली, टोकाला गळ नव्हता.

आणि अलार्म वाजला. टूं.

चाकावर दोरी नव्हती. माझं बोटही नव्हतं. चाक आपलं आपण उलटं फिरत होतं, आधी सावकाश, मग भराभर. मग थांबलं. माझ्या अगदी शेजारून ओल्या कपड्यांचा वास गेला.

"अगं, चल ना!" वरून आईची हाक आली. "आम्ही दोघं बसलोसुद्धा."

मी धावत सुटले. मागच्या सीटवर आई डाव्या दाराला चिकटून बसली होती, बाजूला जागा करून. आई म्हणजे नुसती मूठभर हाडं. पण गाडी उजव्या बाजूला खचली होती.

"हीटर लाव आधी," आई म्हणाली. "गारठलाय गं तो."