लूशसच्या हातावरचं बटण

लूशस टार्बेल आमच्या मिसूरीतल्या गावचा. पुढे न्यूयॉर्कला जाऊन एवढा मोठा संगीतकार झाला, की मुलांसाठी त्याची चार चरित्रं निघाली. चारही शाळेच्या वाचनालयात आहेत आणि चारहींत एकच थाप: लहानगा लूशस चर्चच्या तळघरातल्या मोडक्या पियानोवर आपला आपणच शिकला. हाताच्या पाठीवर बटण ठेवून वाजवायचा, ते म्हणे शुभ म्हणून. तालमीत कोणी चुकलं की "पडलं. पुन्हा पहिल्यापासून" म्हणायचा, तो म्हणे त्याचा लहरीपणा. धन्य आहे त्या लिहिणाऱ्यांची! लूशसनं कुठं खरं सांगितलंही असेल, पण आपोआप शिकलेलं पोर छापायला बरं दिसतं.

दहा वर्षांच्या अर्लिसाला ती पुस्तकं पाहिली की संताप यायचा. लूशसला शिकवलं होतं तिच्या पणजीच्या बहिणीनं, कोरीनआजीनं. मनगट खाली गेलं की बटण पडायचं, आणि बटण पडलं की धडा पुन्हा पहिल्यापासून. अर्लिसाही आजीकडे तशीच शिकत होती.

शाळेत दर वर्षी चौथीची मुलं पुतळे होतात. ज्याचं चरित्र वाचलं त्याचे कपडे घालून निश्चल उभं राहायचं. पायाशी लाल कागदाची चकती. पाहुण्यानं तिच्यावर पाय ठेवला की पुतळ्यानं बोलायचं. अर्लिसानं हट्टानं लूशस मागून घेतला. पण भाषणात कोरीनआजीचं नाव दिसताच वर्गशिक्षिका पिकेटबाईंनी त्यावर रेघ मारली. असल्या गोष्टी घरोघरी सांगतात, बाई म्हणाल्या, पुस्तकात आहे तेवढंच बोलायचं. नाहीतर लूशस दुसऱ्या कुणाला देईन.

कोरीनआजी त्र्याण्णव वर्षांची. मुलांची पुस्तकं ती, कशाला जिवाला लावून घेतेस, असं तिनं उलट अर्लिसालाच समजावलं. पण आजीला ऐकू येतंय तोवर तिचं नाव चारचौघांत घ्यायचं, हे अर्लिसानं पक्कं ठरवलं होतं. मग बाईंना काय करायचं ते करू देत.

पुतळ्यांच्या दिवशी ती ढगळ कोट घालून, पुढे धरलेल्या हातावर बटण ठेवून उभी राहिली. आईनं आजीची चाकांची खुर्ची ढकलत आणली. चाक लाल चकतीवर चढलं.

"मी लूशस टार्बेल. मला कोरीन ओग्लस्बीनं शिकवलं. हे बटण शुभ-बिभ काही नाही, हे..."

बोलता बोलता तिचं मनगट खाली गेलं आणि बटण फरशीवर पडलं. पिकेटबाई तरातरा आल्याच. तिला ओळीतून बाहेर काढायला त्यांनी हात पुढे केला.

कोरीनआजीनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. "पडलं," ती अर्लिसाला म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."

बाई जागच्या जागी थांबल्या. वीस वर्षं त्या ही पुस्तकं वर्गाला वाचून दाखवत होत्या. लूशसचे म्हणून हे शब्द त्यांना पाठ होते. पण काय पडलं, हे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी वाकून बटण उचललं, अर्लिसाच्या हातावर ठेवलं आणि सगळ्या पालकांना जवळ बोलावलं. मग लाल चकतीवर स्वतः पाय ठेवला.

"मी लूशस टार्बेल," अर्लिसा म्हणाली. "मला कोरीन ओग्लस्बीनं शिकवलं."

सगळं भाषण संपेपर्यंत बटण हाताच्या पाठीवरून हललं नाही.