कॅप्टन उमाकांतांची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. तीही साधीसुधी नव्हे, विमान चालवणाऱ्या कॅप्टनची! बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या शिंप्यानं मला शिवलं, सोनेरी पट्टी लावली. कॅप्टन उमाकांतांनी मला प्रथम डोक्यावर चढवलं, तेव्हा विद्यावहिनी म्हणाल्या, "अहो, शोभता हो अगदी!" मी हरखूनच गेले.

विमानात मी खुंटीवर असे. तिथली एक रीत मला फार आवडायची. खालचा विमानतळाचा टॉवर रेडिओवरून जे सांगेल, ते कॅप्टन शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवत, ऐकण्यात चूक नको म्हणून. कॅप्टनांनी म्हटलं की शेजारचा वैमानिक लगेच तसं करी. घरीसुद्धा तेच. "येताना कोथिंबीर आणा," असं वहिनी म्हणाल्या की हे म्हणणार, "येताना कोथिंबीर." वहिनी खुदकन हसत.

शहाण्णव साली तरुण वैमानिक सुशांत एकामागून एक उड्डाणं करून पार थकला. "डोळे मिटतायत, आता विमान नेणार नाही," म्हणाला. कंपनीनं त्याला घरी बसवलं. तो परत येईपर्यंत कंपनीच्या नव्या करारावर सही करायची नाही, असं सगळ्या वैमानिकांनी ठरवलं. कॅप्टन त्यांचे पुढारी.

इंदिरानगरच्या कचेरीत बोलणी झाली. मी टेबलावर होते. मध्ये सरकारी कामगार अधिकारी, समोर व्यवस्थापक गुरुप्रसाद. बाहेर सारे वैमानिक, सुशांतसुद्धा, दाराला कान लावून उभे.

गुरुप्रसाद हळूच म्हणाले, "सुशांत परत येणार नाही. विश्रांतीचे तास कंपनी ठरवेल."

कॅप्टनांनी सवयीनं, खणखणीत आवाजात तेच म्हटलं, "सुशांत परत येणार नाही. विश्रांतीचे तास कंपनी ठरवेल." मग म्हणाले, "आणि आम्हांला हे मान्य नाही!"

पण ते पुढचं ऐकायला बाहेर थांबलं होतं कोण? कॅप्टनांनी म्हटलं, म्हणजे ठरलं! शेजारच्या खोलीत जाऊन एकेकानं करारावर सह्या केल्या.

"सरी, ठीक आहे कॅप्टन, बाहेर स्वल्प, जरासं बघा," गुरुप्रसाद आपल्या कानडी वळणानं हसून म्हणाले.

अधिकारी हळहळले. "कायदा तुमच्या बाजूनं होता हो. पण आता तुमच्या मागे आहे कोण?"

मला हातात घेऊन कॅप्टन सुशांतच्या मागे जिन्यापर्यंत धावले. "तुमच्याच तोंडून ऐकलं, कॅप्टन," एवढंच बोलून तो उतरून गेला. माझ्या कॅप्टनांचं तोंड इतकं उतरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

त्यांनी नोकरी सोडली. मी आता गॅलरीत असते, पोटात कपड्यांचे चिमटे घेऊन. मित्रांनो, मला झटकलं नाहीत तरी चालेल. पण कुणी बोलत असेल, तर त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबा. माझ्या कॅप्टनांसाठी कुणी थांबलं नाही.

अजूनही वहिनी म्हणतात, "येताना कोथिंबीर आणा." कॅप्टन नुसती मान हलवून निघतात. वहिनी मात्र थोडा वेळ दाराशी उभ्या राहतात.