घरात माणसं किती

"घरात दोन माणसं असतात, नाहीतर तीन. अडीच नसतात!" थोरली वैतागून म्हणाली. "आणि आपण दोघीच आहोत, आई."

"तीन," आई म्हणाली आणि कपबश्या पुसत राहिली.

थोरली जनगणनेच्या कचेरीत नव्या लोकांना शिकवायची. नाव ही नुसती ओळख, तिची बेरीज होत नाही. पहिला-दुसरा हा क्रम. माणसं मोजायची, वय मापायचं. यात गल्लत केलीत तर सगळं मुसळ केरात! धाकटी तापाने गेली त्याला कितीतरी वर्षं लोटली, तरी हिला सगळे थोरलीच म्हणत. आई अजून पायरीवर धाकटीची जागा सोडून बसे. ते पाहिलं की थोरलीचं डोकं फिरायचं. गेलेल्याला मोजणं म्हणजे खोटेपणा, आणि तो निदान सरकारी कागदावर तरी होऊ द्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

स्वतःचं घर स्वतः मोजायचं नाही, असा नियम होता. म्हणून तिने मोजणीच्या कामावरच्या, शहरात नव्यानेच आलेल्या मास्तरांना पाठवलं. "आई काहीबाही सांगेल. तुम्ही डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहा," असं बजावलंही.

दुपारी मास्तर घाम पुसत परतले. "झालं, ताई. तीन लिहिली."

"आई म्हणाली म्हणून?"

"छे हो! त्या झोपल्या होत्या. तुमच्या धाकट्या बहिणीने दार उघडलं. पाणीसुद्धा दिलं बिचारीनं. वय विचारलं तर नुसती हसली. पेला घेताना हात लागला, चांगलाच तापला होता. अंगात ताप आहे का हो तिच्या?"

मास्तर थट्टा करणाऱ्यातले नव्हते.

"मग वय किती लिहू?"

"वय राहू द्या. ते आता मापता यायचं नाही." थोरली म्हणाली. "तीन तशीच ठेवा. तुम्ही पाहिलंत ना? नाव सांगते, ते लिहा."

इतक्या वर्षांत ते नाव तिने उच्चारलं नव्हतं. सांगता सांगता तिला रडू फुटलं.

संध्याकाळी आई पायरीवर बसली होती. थोरली नेहमीसारखी तिला खेटून बसायला गेली.

"जरा सरक गं," आई म्हणाली.

आज थोरली मुकाट्याने सरकली. मधल्या जागेवर तिने हात टेकला. पायरी दिवसभर सावलीत होती, तरी तेवढीच फरशी तापलेली होती. थोरलीने हात काढला नाही.